झाकणभर औषध

हे लिहू का, असं मी अर्चनाला विचारलं तेव्हा ती मुलीला वरणभात भरवत होती. तिनं आणखी दोन घास भरवले. मग म्हणाली, "लिही. पण माझं दुखणं थोडक्यात लिही. तू काय केलंस ते सविस्तर लिही."

त्या अटीवर हे लिहितो आहे.

माझं नाव नितीन. वय सेहेचाळीस. डोंबिवलीत राहतो. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. बाहेर जाणाऱ्या मालाचा नमुना तपासायचा, लेबल वाचायचं, खाली सही करायची, हे माझं गेल्या एकवीस वर्षांचं काम. आमचं लग्न उशिरा झालं, मूल त्याहून उशिरा. अर्चनाला दिवस गेले तेव्हा ती अडतीस वर्षांची होती.

बाळंतपणात बाईला खाली जखम होते, ती कधीकधी पार मागच्या वाटेपर्यंत जाते, तिथले टाके उसवले तर काय होतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं. माझ्या ओळखीतल्या एकाही पुरुषाला माहीत नाही. बायकांना माहीत असतं, पण त्या बोलत नाहीत. म्हणून हे लिहिलं आहे. वाचणारा नवरा असेल तर त्यानं शेवटपर्यंत वाचावं.

कल्याण

कल्याणच्या एका नर्सिंग होममध्ये तिचं नाव घातलं होतं. आदल्या दिवशी सकाळपासून कळा सुरू होत्या. बाळ मोठं होतं, अडकलं. शेवटी चिमटा लावून बाहेर काढावं लागलं. दुपारी चारला मुलगी झाली. माझ्या हातात दुपट्यात गुंडाळलेली मुलगी दिली आणि अर्चनाला तसंच आत ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. दीड तास ती आत होती. त्या दीड तासात मी पेढे सांगितले, अकरा जणांना फोन केले आणि मुलीचे सहा फोटो पाठवले.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "खाली बरंच फाटलं होतं. मागच्या वाटेचा स्नायूही तुटला होता. आम्ही नीट शिवलंय. पण हे टाके फार जपावे लागतील."

मी फक्त 'नीट शिवलंय' एवढंच ऐकलं.

चौथ्या दिवशी घरी सोडताना तिथल्या लता सिस्टर अर्चनाच्या कॉटशेजारी स्टूल ओढून बसल्या. पन्नाशीच्या असतील. बोलणं खणखणीत. "टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून तीनदा बसायचं. पाणी भरपूर प्यायचं, भाज्या खायच्या. आणि हे पातळ औषध. दोन झाकणं सकाळी, दोन संध्याकाळी. शी दह्यासारखी मऊ राहिली पाहिजे. एकदा जरी जोर करायला लागला तरी टाक्यांवर ताण येतो. बाकी एखादी गोळी विसरलात तर फोन करा. हे औषध विसरलात तर मला तोंड दाखवू नका."

अर्चना हसली, आणि हसल्यावर दुखलं म्हणून तिनं डोळे मिटले.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "बाबा, ऐकताय ना? का फोनमध्येच आहात?"

"ऐकतोय, ऐकतोय," मी म्हणालो.

घरी

अर्चनाची आई नाही. त्यामुळे माहेरी पाठवायचा प्रश्न नव्हता. बाळंतपण आमच्या घरी, माझ्या आईनं करायचं ठरलं. आईनं मनापासून केलं. तिच्याबद्दल पुढे जे येईल ते वाचताना हे लक्षात ठेवा. बहात्तर वर्षांची बाई पहाटे उठून डिंकाचे लाडू वळत होती, अळिवाची खीर करत होती, सुनेच्या पाठीला तेल लावत होती. तिच्या हाताखाली आमच्या घराण्यातली पाच-सहा बाळंतपणं झाली होती आणि तिचे नियम पक्के होते. पालेभाजी नाही, बाळाला वारा धरतो. पाणी उकळलेलं, तेही घोटभर, नाहीतर बाळंतिणीचं पोट सुटतं. अर्चना बेसिनपाशी जाऊन गुपचूप पाणी प्यायची. मी बघायचो आणि हसायचो.

सहाव्या दिवशी मुलीला दिवसभरात आठ वेळा पिवळी, पातळ शी झाली. पहिल्या आठवड्यात दूध पिणाऱ्या बाळाला अशीच होते. हे मला पुढे मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याचा उपयोग नव्हता.

आई लंगोट हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. "अरे, पोरीला ढाळ लागलेत. आई घेते ते दुधात उतरतं. ही पोट साफ व्हायचं औषध पितेय चार-चार झाकणं. बंद कर आधी ते."

आतून अर्चना म्हणाली, "आई, सिस्टर म्हणाल्यात चुकवायचं नाही."

"सिस्टर काय रात्रभर लंगोट बदलायला येणारे?"

"तुम्ही डॉक्टरना तरी विचारा."

"मला काय विचारायचंय? मी काय पोरं बघितली नाहीत?"

अर्चना रडायला लागली. मुलगी आधीपासून रडतच होती. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो आणि नर्सिंग होमला लावला. रिंग वाजली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. समोरच्या इमारतीत एक बाई चादरी वाळत घालत होती. तिच्या दोन चादरी घालून होईपर्यंत मी तिथे उभा राहिलो.

मग आत आलो आणि म्हणालो, "बोललो मी. चार दिवस बंद ठेवलं तरी चालेल म्हणाल्या."

"कोण? लता सिस्टर?" अर्चनानं डोळे पुसत विचारलं.

"हो. लता सिस्टर."

पहिलं खोटं बोलायला मला दोन चादरींइतका वेळ लागला होता. दुसऱ्याला काहीच लागला नाही.

बाटली मी ओट्यावरच्या कपाटात, मसाल्याच्या डब्यामागे ठेवली. घर शांत झालं. आईनं चहा केला. मला त्या शांततेचं बरं वाटलं, हे मान्य केलं पाहिजे. मला वाद मिटवायचा होता, बाकी कशाचाच विचार मी केला नव्हता. कारखान्यात नवीन मुलं येतात त्यांना मी सांगतो की तपासणी झाली नसेल तर 'झाली' लिहायचं नाही, रकाना रिकामा ठेवायचा. तो रकाना त्या दिवशी मी स्वतः भरला होता.

नवव्या दिवशी सकाळी अर्चना पाऊण तास बाथरूममध्ये होती. तीन दिवस पोट साफ झालं नव्हतं. आतून आवाज आला. कळा येताना ती ओरडली होती त्याहून हा आवाज लहान होता, पण तो मला अजून ऐकू येतो. बाहेर आली तेव्हा भिंत धरून आली. म्हणाली, "काहीतरी फाटलं रे."

मी म्हणालो, "टाके ओढले असतील. होतं असं."

दुसऱ्या दिवशी ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "नितीन, पुढच्या बाजूनं हवा जातेय. मला कळत नाहीये काय होतंय."

मी परत म्हणालो, "होतं असं." मला काहीही माहीत नव्हतं, तरी मी दोन दिवसांत दोनदा 'होतं असं' म्हणालो. त्याच दिवशी तिला तपासायला न्यायला हवं होतं. पण बाराव्या दिवशी बारसं होतं आणि पाहुणे यायचे होते. मी ठरवलं, बारसं उरकून जाऊ.

बारसं

हॉलमध्ये पाळणा सजवला होता. अर्चनाला हिरवी साडी नेसवून खुर्चीवर बसवलं होतं, खाली दोन उशा. ती ताठ बसली होती. आम्ही नाव ठेवलं ईरा. बायका कुर्र करत होत्या, हसत होत्या.

मग वास आला.

माझी एक चुलतकाकू म्हणाली, "अगं, पोरीनं प्रसाद दिला वाटतं! बघा गं लंगोट." सगळ्या हसल्या. कोणीतरी ईराला उचललं, लंगोट बघितला. कोरडा होता.

"मग कोणी दिला?" काकू म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

अर्चना उठली. एका हातानं साडीच्या निऱ्या मागून घट्ट धरून ती पाहुण्यांमधून चालत बाथरूमकडे गेली. मी पाठोपाठ गेलो. तिनं दार थोडं उघडलं आणि मला पॅड दाखवलं.

"ही पोरीची नाही. माझी आहे," ती म्हणाली. "मागून नाही येत. पुढून येतेय."

तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. घाण वाटली होती तिला, स्वतःची. बाहेर पाळणा म्हणणं चालू होतं.

चित्र

संध्याकाळी आम्ही कल्याणला गेलो. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि हातमोजे काढताना त्या काही क्षण आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "उद्याच ठाण्याला दाखवा." त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या सर्जनबाईंच्या नावे चिठ्ठी दिली.

दुसऱ्या दिवशी गाडी करून शीळफाट्यावरून गेलो. एरवी त्या नाक्यावरच्या ट्रकांना मी शिव्या घालतो. त्या दिवशी गाडी जेवढा वेळ उभी होती तेवढा वेळ अर्चनाला बरं वाटत होतं. चालू झाली की प्रत्येक खड्ड्याला ती हातांच्या जोरावर सीटवरून अंग उचलून धरायची.

सर्जनबाईंनी केसपेपर उलटा केला आणि मागे दोन नळ्या काढल्या, शेजारी शेजारी. मधल्या भिंतीत पेनानं एक भोक पाडलं. "टाके उसवलेत. आत जंतुसंसर्ग आहे. मधली भिंत फाटून ही वाट तयार झालीय. याला फिस्टुला म्हणतात. लगेच शिवता येणार नाही, परत उसवेल. आधी पोटावरून शौचाची वाट काढून देऊ, म्हणजे खालची जागा कोरडी राहील. तीन-चार महिन्यांनी दुरुस्ती. ती टिकली की पोटावरची वाट बंद करू."

"आणि नाही टिकली तर?" अर्चनानं विचारलं.

"तर पुन्हा करायची. मी खोटं सांगणार नाही."

मग त्यांनी विचारलं, "शी मऊ राहायचं औषध दिलं असेल. घेत होता ना?"

"पहिले पाच दिवस घेतलं," अर्चना म्हणाली. "मग तिथल्या सिस्टरनीच बंद करायला सांगितलं. ह्यानं फोन केला होता."

सर्जनबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बंद करायला सांगितलं? नक्की?"

माझ्या खांद्यावर ईरा झोपली होती. मी तिच्या पाठीवर थोपटत राहिलो. हो म्हणून मान हलवली, एवढंच.

अर्चनाचा धाकटा भाऊ महेश खुर्चीच्या मागे उभा होता. त्याचं तोंड लाल झालेलं मला दिसलं.

पिशवी

त्यानंतरच्या चार महिन्यांबद्दल अर्चनानं थोडक्यात लिहायला सांगितलं आहे.

पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढलेलं, लाल, ओलं. त्यावर चिकटवायची पिशवी. पिशवी भरते, रिकामी करायची, धुवायची, चार-पाच दिवसांनी बदलायची. पहिल्यांदा पिशवी सुटली तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. अर्चनानं मुलीला माझ्याकडे ढकललं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या आठवड्यात तिचं दूध आटलं.

हॉस्पिटलचा दिवस सहाला सुरू व्हायचा. तापमान, इंजेक्शन, ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या वेळी मला पडद्याबाहेर काढायचे. पडद्याखालून नर्सच्या चपला दिसायच्या. त्या चपला पुढे सरकल्या की अर्चनाचा श्वास अडकायचा, मागे सरकल्या की सुटायचा.

शेजारच्या कॉटवर साठीच्या एक आजी होत्या. त्यांनाही अशीच पिशवी होती, दुसऱ्या कारणानं. त्यांची पिशवी मधेच आवाज करायची. त्या अर्चनाला म्हणाल्या, "लाजू नको गं. ही माझी शेजारीण आहे. कधी तोंड उघडेल नेम नाही. डॉक्टर राउंडला आले की हमखास बोलते." अर्चना त्या दिवशी बारशानंतर पहिल्यांदा हसली. मग आजी आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या जावेला तुझ्यासारखंच होतं. अकरा वर्षं काढली तिनं. कोणाच्या लग्नाला गेली नाही. आम्ही म्हणायचो, गर्विष्ठ आहे."

हॉस्पिटलातून अर्चना घरी आली नाही. महेशचं घर ठाण्यातच, खोपटला, एसटी डेपोच्या मागे. हॉस्पिटल तिथून जवळ. महेशची बायको तिचं सगळं करायला तयार होती. "मी तिकडेच राहते," अर्चना म्हणाली. मी रोज कारखान्यातून सुटून खोपटला जायचो आणि मुलीला मांडीवर घेऊन बसायचो. खिडकीतून डेपोचा कर्णा ऐकू यायचा, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते. आम्ही दोघं ते ऐकत बसायचो. पिशवी बदलताना मी मदत करू का विचारलं तर ती म्हणायची, "नको. तुला जमणार नाही." खरं सांगायचं ठरवून मी रोज जायचो आणि न सांगता परत यायचो.

सही

महेशनं मधल्या काळात कल्याणला जाऊन भांडण केलं होतं. काउंटरसमोर, पेशंट बसलेले असताना. "तुमच्या सिस्टरनी फोनवर औषध बंद करायला सांगितलं, माझ्या बहिणीचं वाटोळं झालं." लता सिस्टर तिथेच होत्या. त्यांनी सांगून बघितलं की मी असं कधी बोललेच नाही. पंधरा दिवसांनी महेशला कोणाकडून तरी कळलं की त्यांना कामावरून काढलं. तो समाधानानं हे मला सांगत होता. मी चहा पीत होतो. मी कप खाली ठेवला नाही.

दुरुस्तीच्या ऑपरेशनच्या आधी दहा दिवस, एका रविवारी दुपारी महेशनं माझ्यासमोर दोन कागद ठेवले. नर्सिंग होमविरुद्धची तक्रार. त्यात लिहिलं होतं की अमुक दिवशी मी फोन केला असता लता नावाच्या परिचारिकेनं औषध बंद करण्यास सांगितले. खाली माझं नाव, त्यावर सहीची रेघ.

"वाचा आणि सही करा, दाजी. उद्या देऊन येतो."

मी वाचलं. दोनदा वाचलं. सवयीनं तारीख तपासली. तारीख बरोबर होती. बाकी सगळं खोटं होतं.

"मला आधी अर्चनाशी बोलायचंय," मी म्हणालो.

ती आतल्या खोलीत लोडाला टेकून बसली होती, ईरा समोर सतरंजीवर पालथी पडून मान वर करायचा प्रयत्न करत होती. मी दार लोटून घेतलं आणि खाली जमिनीवर बसलो.

"अर्चना, त्या दिवशी फोन लागला नव्हता."

"कुठल्या दिवशी?"

"औषध बंद केलं त्या दिवशी. दोनदा लावला. रिंग वाजली. कोणी उचलला नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला समजायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

"मग सिस्टर काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. मी बोललोच नाही त्यांच्याशी."

"मी नाव विचारलं होतं तुला. लता सिस्टर का, म्हणून."

"हो."

"तू हो म्हणालास."

"हो."

बाहेर कर्ण्यावर कुठलीतरी गाडी पुकारली. अर्चनानं गाऊनवरून पोटावरची पिशवी चाचपली. ही सवय तिला लागली होती. मग म्हणाली, "ईराला इकडे दे." मी मुलीला उचलून तिच्याजवळ दिलं.

"महेशला तू सांगायचंस. मी नाही. आणि त्या सिस्टरला. आज जा."

"अर्चना, मी..."

"आज जा म्हटलं ना. माझ्यासमोर रडू नकोस. मला तुला समजवायची ताकद नाहीये."

महेशनं ऐकून घेतलं. हातातले कागद हळूच चार घड्या करून खिशात घातले. "दाजी," तो म्हणाला, "तुम्ही कंपनीत माल तपासून सही करता ना?" एवढंच. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

आईला फोनवर सांगितलं. "मी बोलले औषध बंद कर म्हणून, ते खरं," ती म्हणाली. "पण सिस्टरकडून हो आलं असं तूच सांगितलंस. मलासुद्धा तू खोटंच सांगितलंस रे." मी आतापर्यंत मनात अर्धा दोष आईच्या पदरात टाकून झोपत होतो. तोही परत आला.

शहाड

नर्सिंग होममधल्या मावशींनी लता सिस्टरांचा पत्ता दिला. शहाड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, तळमजल्याची खोली. त्या दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

मी उभ्यानंच सांगितलं. रस्त्यात जुळवलेलं सगळं विसरलो. दोन-तीन वाक्यांत संपलं.

त्या सूप हलवत राहिल्या. म्हणाल्या, "त्या वेळेला मी लेबर रूममध्ये होते. फोन वाजतोय हे मला ऐकू आलं होतं. एक बाई अडली होती. मी नंतर सगळ्यांना हेच सांगत होते, की फोन मी उचललाच नाही. कोणी ऐकलं नाही. सव्वीस वर्षं झाली मला या कामात."

"मी उद्या डॉक्टरबाईंना लिहून देतो."

"द्या. दुसरीकडे लागलेय मी आता. पण द्या." मग त्यांनी मान वर केली. "ताई कशा आहेत?"

मी सांगितलं. पोटावरची पिशवी, दहा दिवसांनी ऑपरेशन.

"टाके दोन्ही तऱ्हांनी उसवतात, औषध घेऊन पण. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही सांगत," त्या म्हणाल्या. "या वेळेला औषध त्यांच्याच हातात द्या."

बसा म्हणाल्या नाहीत. पाणी विचारलं नाही. मी निघालो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना लेखी दिलं, खाली सही केली.

सर्जनबाईंनाही सांगितलं. त्यांनीही तेच सांगितलं: जंतुसंसर्गामुळे उसवले, की जोर केल्यामुळे, की दोन्हीमुळे, हे आता कोणीच ठरवू शकणार नाही. लोकांना वाटतं हे ऐकून मला हलकं वाटलं असेल. नाही वाटलं. माझ्यामुळे झालं असं नक्की कळलं असतं तर निदान तेवढं तरी नक्की असतं.

आता

दुरुस्ती टिकली. दहाव्या दिवशी सर्जनबाई तपासून म्हणाल्या, "धरलंय," आणि त्यांनी अर्चनाच्या डोक्यावरून हात फिरवला. आणखी दोन महिन्यांनी पोटावरची वाट बंद केली. अर्चना डोंबिवलीला परत आली. माझ्यासाठी आली असं मी समजत नाही. तिची नोकरी इथे आहे, घर तिचंही आहे.

पूर्ण बरी झाली असं नाही. घाई लागली की तिला थांबता येत नाही. पर्समध्ये कपड्यांचा एक जोड असतो. नव्या ठिकाणी गेलो की ती आधी बाथरूम कुठे आहे ते बघून घेते. लग्नसमारंभ टाळते. हसताना अजून एक हात नकळत पोटावर जातो. आमच्यातलं नवरा-बायकोपण अजून दूर आहे, आणि त्याबद्दल मी तिला विचारत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे ती आठवड्यातून एकदा जाते, त्यानं फरक पडतोय असं म्हणते.

नवऱ्यांना सांगायचं ते एवढंच. बाळ झाल्यावर डॉक्टर टाक्यांबद्दल बोलत असतील तेव्हा फोन खिशात ठेवा. बायको म्हणाली की चुकीच्या वाटेनं काहीतरी येतंय, तर त्याच दिवशी दाखवा, बारसं नंतर करता येतं. एखादं औषध बंद करावं असं घरात कोणालाही वाटलं, तर फोन उचलला जाईपर्यंत लावत राहा. नाहीतर रिक्षा करून जा. आणि जे विचारलं नाही ते विचारलं म्हणून सांगू नका.

दुसऱ्या ऑपरेशननंतर ते पातळ औषध पुन्हा सुरू झालं, ते अजूनही कधीमधी लागतं. बाटली अर्चनाच्या उशाशी असते. ती स्वतः ओतते, झाकण डोळ्यांसमोर धरून रेघ बघते, पिते, झाकण धुऊन परत लावते. त्या बाटलीला मी आजवर हात लावलेला नाही. मुलीची औषधंही तीच देते.

गेल्या रविवारी सकाळी ईराचं अंग तापलं होतं. थर्मामीटर लावून होतो न होतो तोच अर्चनाला घाईनं बाथरूममध्ये जावं लागलं. मला माहीत असतं, अशा वेळी ती पंधरा-वीस मिनिटं बाहेर येऊ शकत नाही. ईरा रडत होती. मी तिला घेऊन दाराबाहेर येरझाऱ्या घालत होतो.

आतून अर्चना म्हणाली, "तिचं तापाचं औषध काढ. फ्रिजवर आहे."

मी काढलं. "किती द्यायचं?"

"बाटलीवर वाच. डॉक्टरांनी पेननं लिहिलंय."

मी वाचलं.

"मला ऐकू येईल असं वाच."

मी मोठ्यानं वाचलं. औषधाचं नाव, कधीपर्यंत चांगलं आहे ती तारीख, किती वजनाला किती, पेननं लिहिलेला आकडा. सगळं. ईरा रडायची थांबून माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

"भरून ठेव," अर्चना म्हणाली. "मी येते."

मी खिडकीपाशी जाऊन रेघेपर्यंत झाकण भरलं आणि ते हातात धरून उभा राहिलो. ती बाहेर आली, हात पुसले, माझ्या हातातून झाकण घेतलं आणि उजेडात धरलं. बराच वेळ बघत होती.

मग तिनं ते मला परत दिलं.

"पाज तिला," म्हणाली.